चाचांचे दोन बल्ब

चाचांना गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. चाळीस वर्षं हा माणूस गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालून बसला होता, त्यातली पंधरा आखातात, आणि त्यांना साधी रिक्षा दोन हात मागं घेता येत नसे. कोणी चिडवलं तर म्हणायचे, "बहारीनला सात वेळा लायसनच्या परीक्षेला बसलो. सातव्या वेळी तो अरबी साहेबच हात जोडून म्हनला, तू बाजूला बस, मी तुला घरी सोडतो. तवापासून बाजूलाच बसतो."

आणि खरंच बाजूलाच बसायचे. गाडीला काय झालंय ते कळेपर्यंत ड्रायव्हरच्या शेजारी बसून राहायचे, हात मांडीवर, डोळे अर्धवट मिटलेले. एकदा एका टेम्पोत असे दोन तास बसले होते. टेम्पो शेडसमोर नुसता चालू करून ठेवलेला, कारण दुखणं इंजिन तापल्यावरच यायचं. चाचा झोपले, घोरायला लागले. टेम्पोवाला बिचारा डिझेल जळतंय म्हणून कासावीस. मग कधीतरी इंजिनाचा एक ठोका चुकला आणि चाचा घोरता घोरता थांबून म्हणाले, "आला." हे कसं जमतं असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, पाळण्यातल्या पोराची आई कशी झोपते, तसं झोपायचं.

चाचा गेले त्याला आता दीड वर्ष होईल. शेडच्या जागी फरश्यांचं दुकान आलंय. कामानिमित्त रोह्याला जाते तेव्हा पुलाच्या अलीकडे, अष्टमी गावाच्या बाजूला, माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि मागचे हॉर्न मारतात. मला त्यांची फार आठवण येते. माणूस माझ्या नात्याचा ना गोताचा, वर्षातून आठ-दहा वेळा भेटायचा, तरी येते. बाबांची येते ती वेगळी. पण गंमत अशी की दोघांतल्या एकाची आली की दुसऱ्याची येतेच.

शेडवर पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती, कारण आत-बाहेर सगळीकडे खडूनं काहीतरी लिहिलेलं असे. चाचा भिंतीवर सर्किट काढायचे, जमिनीवर काढायचे, आणि जागा संपली की तुमच्या गाडीच्या बॉनेटवर काढायचे. नुकताच रंग दिलेल्या गाडीचे मालक किंचाळायचे. चाचा शांतपणे सांगायचे, "खडू हाय. पुसला की गेला. रोग पुसून जाईल काय?" शुक्रवारी दुपारी शेड उघडीच टाकून जायचे आणि पत्र्यावर लिहून ठेवायचे, 'नमाजला गेलोय. गाडीला हात लावू नका, ती विचार करते.'

गाडी घेऊन गेलं की आधी बॉनेट उघडायचंच नाही, हा त्यांचा कायदा. आधी कोरा चहा, लिंबू पिळून. मग प्रश्न. कधी बंद पडली, ऊन होतं का, खिडकी उघडी होती का, मागं कोण बसलं होतं, शेवटचं काय नवीन लावलं गाडीला. डॉक्टरसुद्धा माणसाला इतकं विचारत नाही. आणि हे सगळं विचारायचं ते गाडी चालवणाऱ्याला, मालकाला नाही. भाताच्या गिरणीचा एक मालक ड्रायव्हरला घेऊन आला होता. चाचा ड्रायव्हरला विचारत होते आणि उत्तरं मालक देत होता. तीन-चार उत्तरं ऐकून घेतल्यावर चाचा अदबीनं म्हणाले, "शेठ, तुम्ही जरा नदी बघून या. पाणी छान हाय." शेठ गेला की हो. कुंडलिकेचं पाणी बघून अर्ध्या तासानं परत आला तेव्हा गाडीचं दुखणं सापडलेलं होतं.

मीटर त्यांच्याकडे होता, पण तो पेटीतून क्वचितच निघे. त्यांचं खरं हत्यार म्हणजे दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब. "मीटर म्हनतो करंट हाय. बल्ब म्हनतो, हाय तर मला पेटवून दाखव," असं ते म्हणायचे. मला विजेतलं काही कळत नाही, पण ऑफिसात काही माणसं बघते तेव्हा हे वाक्य आठवून हसू येतं. काळ्या टेपचा त्यांना मनापासून राग होता. कुठल्याही गाडीत टेप दिसली की आधी ती सोडवायचे. म्हणायचे, टेप कोणी उगाच लावत नाय, खाली काहीतरी झाकलेलं असतं. आणि जे काढलं ते मालकाच्या हातात द्यायचे, कागदात बांधून. जळका फ्यूज असो की तुटकी क्लिप. काय बिघडलं होतं ते खरं सांगायचं आणि दाखवायचं. "खोटं बोलायचं असतं तर दुसरे धंदे कमी होते काय?"

माझी आणि त्यांची ओळख झाली ती खरं म्हणजे आमची जीप विकायची होती म्हणून.

बाबा रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीची शिफ्टची बस चालवायचे. पेणहून माणसं न्यायची, आणायची. तीस वर्षांत एकदाही त्यांच्या बसला ओरखडा पडला नाही, आणि हे ते आल्यागेल्याला सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मी डोलवीला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात, सकाळी स्कूटरवर जायचे ती संध्याकाळी यायचे. बाबा दर गुरुवारी जीप काढून रोह्याला जुन्या सोबत्यांना भेटायला जायचे. पेण, नागोठणे, मग भिसे खिंड चढून रोहा. तो त्यांचा आठवड्याचा सण होता.

मग जीप बंद पडायला लागली. चालता चालता, अचानक. बाबा सांगायचे आणि मी गॅरेजला पाठवायचे. तीन गॅरेज झाली. एकानं फिल्टर बदलला, एकानं बॅटरी, एकानं चावीचा स्विच. प्रत्येकाकडे जीप गुणी पोरीसारखी वागायची. शेवटचा मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, गाडीत काय नाय. बाबांचं वय झालंय. क्लच सोडतात नि बंद पाडतात." त्याच महिन्यात बाबा गॅसवर दूध ठेवून विसरले होते. एकदा ओटीवर बसून आईला हाक मारली होती. मला मेकॅनिकचं पटलं. पटवून घ्यायला मी तयारच बसले होते.

आणि मग एका गुरुवारी भिसे खिंडीत, चढावर, जीप बंद पडून मागं घसरली आणि मागच्या रिक्षाच्या नाकाला टेकली. कोणाला काही लागलं नाही. पण त्या रिक्षावाल्याच्या मागं टँकर होता. तो वेळेत थांबला, इतकंच. रिक्षावाल्यानं बाबांच्या फोनवरून मला फोन केला आणि काय काय बोलला ते मी लिहीत नाही. संध्याकाळी बाबा घरी आल्यावर मी हात पुढं केला. त्यांनी चावी दिली.

"गाडी बंद पडली गो," ते म्हणाले. "मी नाय पाडली."

"हो बाबा," मी म्हणाले. त्या 'हो'मध्ये काय होतं ते त्यांना कळलं, कारण पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

चावी मी डोलवीच्या ऑफिसात टेबलाच्या खणात ठेवली. घरी ठेवायचा धीर होत नव्हता. बाबा रोज सकाळी जीप पुसायचे. पुसून झाली की पेपर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे आणि तिथंच वाचायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, म्हातारा आता निघणार. मला ते बघवेना. गाडीच नसली तर विसरतील असं वाटून मी गिऱ्हाईक शोधलं. गागोद्याच्या बाजूचा एक शेतकरी भाजी वाहायला घेणार होता. त्यानं जीप चहूबाजूंनी बघितली आणि म्हणाला, "बंद पडते म्हनतात. रोह्याच्या चाचांनी बरी हाय म्हटलं तर उद्या नेतो." तो आला त्या दिवशी बाबा पेपर वाचायला जीपमध्ये गेले नाहीत. घरातच बसले.

म्हणून मी रजा काढून, स्वतः जीप चालवत चाचांकडे गेले. वाटेत जीपनं हूं की चूं केलं नाही. चाचांनी चहा दिला आणि विचारलं, "कोण चालवतो?"

"बाबा चालवायचे. आता नाही."

"त्याला आण."

"त्यांचं वय झालंय, चाचा. विसरतात. तुम्ही नुसती बघून सांगा."

"गाडी तुझ्या हातात बंद पडली काय?"

"नाही."

"मग तुला काय इचारू?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. तरी सवयीनं एक प्रश्न विचारलाच. "बंद पडायला लागायच्या आधी गाडीला शेवटचं काय लावलं?"

"सीट कव्हर," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी बाबांना घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नागोठणे गेल्यावर खिडकीतून बाहेर बघत होते. परीक्षेला नेत असल्यासारखं वाटत असणार त्यांना, आणि मी ते काही वेगळं करून सांगितलंही नाही. शेडमध्ये चाचांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हा मध्येच मी बोलले. दुसऱ्याच्या वेळीही बोलले. मग चाचांनी मला नदी बघायला पाठवलं.

मी पुलापर्यंत गेले, पाण्याकडे बघितलं, राग गिळला आणि परत येऊन शेडच्या बाहेर उभी राहिले. आत बाबा बोलत होते.

"पहिल्यांदा पडली ती तिसऱ्या वळनावर. दुसरा गिअर. उजव्या अंगाला वळायचं होतं. दुपारचे दोन. ऊन काचेतनं डाव्या गुडघ्यावर येत व्हतं, डॅशबोर्डला हात लावला तर चटका. आधी धक्का नाय, खोकला नाय. दिवा इझावा तशी इझली. पाच मिनिटं थांबलो, सुरू झाली. दुसऱ्या वेळी त्याच्या पुढं, झाडापाशी. मागं तांदळाची दोन पोती व्हती..."

दूध विसरणारा माणूस हे सांगत होता. ऊन कुठल्या गुडघ्यावर होतं तेसुद्धा. चाचांनी दारात माझी सावली बघितली असावी. मान न वळवता मोठ्यानं म्हणाले, "ह्यो विसरतो?"

मग चाचांनी मला जमिनीवर खडूनं समजावलं, आणि ते मला कळलं म्हणून लिहिते. अशा जुन्या डिझेल इंजिनात डिझेलच्या पंपावर एक सोलेनॉइड असतं, अंगठ्याएवढं. चावीकडून त्याला करंट मिळतोय तोवर ते डिझेलची वाट उघडी ठेवतं. करंट तुटला की वाट बंद, इंजिन बंद. चाचांनी दोन बल्ब घेतले. एकाला नखाला लावायचं लाल पॉलिश फासलेलं होतं. लाल बल्ब जोडला चावीच्या स्विचला, पांढरा थेट पंपावरच्या सोलेनॉइडला, आणि दोन्ही आरशाला लोंबकळत ठेवले. म्हणाले, "बाप क्लच सोडून गाडी बंद पाडील, तर दोन्ही बल्ब चालू ऱ्हातील, कारण चावी चालूच हाय. एक जरी बल्ब आधी गेला, तर बाप सुटला."

इतक्या उघडपणे ते कोणी बोललं नव्हतं. बाबा बल्बांकडे बघत होते.

त्या दिवशी उन्हं उतरली होती. खिंडीच्या पाच फेऱ्या झाल्या आणि दोन्ही बल्ब मजेत पेटलेले राहिले. मी मागं बसून बाबांच्या पायांकडे बघत होते, क्लच कधी सोडतात ते. खोटं कशाला बोलू? मी तेच बघत होते. चाचा म्हणाले, "पुढल्या गुरवारी. दोन वाजता. पोती पन आना."

पुढच्या गुरुवारी दोनला ऊन नुसतं ओतत होतं. बाबा चालवत होते, चाचा शेजारी, मी मागं तांदळाच्या पोत्यांबरोबर. बल्ब दिवसाउजेडी नीट दिसावेत म्हणून चाचांनी त्यांच्यावर पुठ्ठ्याची टोपी केली होती. पहिली फेरी कोरडी गेली. दुसऱ्या फेरीला तिसऱ्या वळणावर जीप उजवीकडे वळली आणि पांढरा बल्ब गेला. मी डोळ्यांनी बघितलं. बल्ब गेला, बाबांचा डावा पाय क्लचच्या बाजूला खाली टेकलेला होता, आणि मग इंजिन बंद झालं. लाल बल्ब पेटलेलाच होता.

बाबांनी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, खाली उतरले आणि मागच्या चाकाला दगड लावला. तीस वर्षांची सवय. दगड लावून झाल्यावर मात्र ते वर आले नाहीत. आमच्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि रुमालानं मान पुसत राहिले, खूप वेळ. मी खाली उतरून जवळ गेले.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, बाबा."

"बास."

पाच मिनिटांनी चावी फिरवताच जीप सुरू झाली आणि आम्ही शेडमध्ये आलो. चावीपर्यंत करंट आहे, पंपापर्यंत पोचत नाही, म्हणजे दुखणं मधल्या वायरीत. चाचा डॅशबोर्डखाली आडवे झाले. हातानं वायर चाचपत गेले आणि एका जागी थांबले. बाहेर आले तेव्हा चेहरा नेहमीचा नव्हता. बाबांना म्हणाले, "तुम्ही जरा नदी बघून या."

बाबांना नवल वाटलं, पण गेले. चाचांनी पुन्हा आत हात घातला आणि काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली एक डबी बाहेर ओढली, तिला एक छोटा काळा रिले, म्हणजे करंट जोडायचा-तोडायचा खटका, जोडलेला.

ती डबी मी ओळखली होती. तीन वर्षांपूर्वी बाबा एकदा अंधार पडेपर्यंत घरी आले नव्हते, फोनही उचलत नव्हते. मी घाबरले, आणि त्यानंतर सर्व्हिसिंगला नेते सांगून पनवेलच्या एका माणसाकडून जीपमध्ये ही डबी बसवून घेतली. जीप कुठं आहे ते माझ्या मोबाइलवर ठिपक्यासारखं दिसे. वर चोरी झाली तर इंजिन दुरून बंद करता येतं, म्हणून त्यानं तो रिले पंपाच्या वायरीत मध्येच घातला. वर्षभर मी ऑफिसात बसून बाबांचा ठिपका बघितला. बाजार, देऊळ, रोहा. मग कंटाळा आला, रिचार्ज केलं नाही. डबी मेली, पण रिले तिथंच राहिला. विसरले असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. चाचांनी 'शेवटचं काय लावलं' विचारलं तेव्हा मात्र एक क्षण ती आठवली होती, आणि मी सीट कव्हर म्हणाले होते.

"हे कोनी बसवलं?" चाचांनी विचारलं.

"मी."

"बापाला ठाव हाय?"

"नाही. काळजी वाटत होती, चाचा."

"काळजी अशी टेपमध्ये गुंडाळून लपवत नाय कोन," ते म्हणाले. मग रिलेचं एक टोक माझ्यासमोर धरलं. आतला संपर्क काळा पडला होता. डॅशबोर्ड तापला आणि वळणावर हिसका बसला की तो सुटायचा, निवला की पुन्हा चिकटायचा. "बाप सांगत व्हता, गाडी आपनहून इझते. खरं बोलत व्हता. इझवायचा खटका तू लावला व्हतास."

मी रडायला लागले. चाचांनी समजूत घातली नाही. वायरीची दोन टोकं साफ केली, पिळली, कथलाचा डाग दिला. तेवढ्यात बाबा परत आले.

"काय सापडलं?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. "उंदीर," ते म्हणाले. "उंदरानं वायर खाल्ली व्हती."

"दाखवा की."

"फेकली."

चाचा काही फेकत नाहीत, हे अख्ख्या रोह्याला माहीत होतं. बाबा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग चहा प्यायला बसले. निघताना चाचांनी कागदात बांधलेली पुडी माझ्या पर्समध्ये सरकवली. हळूच म्हणाले, "धंद्यात पयल्यांदा खोटं बोललो. तुझ्यासाठी नाय, त्याचा आजचा दिवस खराब व्हायला नको म्हनून. खरं तू सांग. लवकर सांग."

दुसऱ्या दिवशी मी चावी ऑफिसच्या खणात परत न नेता बाबांच्या हातात दिली. जीप विकली नाही. बाबांचे गुरुवार पुन्हा सुरू झाले आणि त्यात आता चाचांची शेड आली. दोघं तासन्‌तास बसायचे. एकाला गाडी चालवता यायची, दुसऱ्याला दुरुस्त करता यायची, दोघांचं मिळून एक पूर्ण माणूस होतो, असं बाबा म्हणायचे. कुठं अडलेली गाडी असली की बाबा चालवायचे आणि चाचा शेजारी बल्ब धरून बसायचे. बाबांचा रंग सुधारला. दूध अजूनही विसरायचे, पण आता विसरलो म्हणून हसायचे.

मी अधूनमधून बरोबर जायचे. गेले की चाचा बाबांची पाठ वळलेली बघून विचारायचे, "बोललीस काय गो?"

"नाही अजून."

"कवा बोलनार?"

खरंच बोलणार होते. नाश्त्याच्या वेळी ठरवायचे, मग संध्याकाळी ठरवायचे. पण चोराच्या मनात चांदणं, बाबांचा चेहरा आनंदी दिसला की वाटे आज नको, आणि उदास दिसला तर आज कशाला. कधी कधी बाबाच विषय काढायचे. जीप सुरू करताना म्हणायचे, "त्या उंदराचं मला नवल वाटतं. बाकी कुठं दात नाय लावला बघ." आणि माझ्याकडे बघायचे. मी हसायचे, तेही हसायचे आणि गिअर टाकायचे. दोन वर्षं अशी गेली. चाचांनी विचारायचं सोडलं नाही. एकदा मीच वैतागून म्हणाले, चाचा, आता जाऊ द्या, जुनं झालं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला बसवेना.

बाबा गेले ते दोन दिवसांच्या तापानं. बोलायला वेळ होता, दोन्ही दिवस त्यांना शुद्ध होती. मी मोसंबीचा रस देत बसले.

दिवस झाल्यावर चाचा पेणला आले, एसटीनं, एकटे. बाबांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग अंगणात जीपपाशी खुर्ची टाकून बसले. मी चहा आणला. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं.

"चाचा, राहूनच गेलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "त्याला ठाव व्हतं," ते म्हणाले.

मला कळेना.

"मला खोटं पचत नाय गो. पुढल्याच गुरवारी आला, मी सांगून टाकलं. ऱ्हावलंच नाय."

"काय म्हणाले?"

"हसला आधी. म्हनला, पोरीला माझी काळजी. मग म्हनला, तिला सांगू नका मला कळलंय म्हनून. ती आपनहून सांगेल. माझी पोर हाय, सांगेल." चाचांनी जीपकडे बघितलं. "दर गुरवारी इचारायचा मला. तुमच्याकडं काय बोलली काय? म्हनून मी तुला इचारायचो. मला काय पडलं व्हतं गो? तो वाट बघत व्हता."

उंदराचं नवल, आणि मग माझ्याकडे बघणं. दोन वर्षं, दर वेळी गाडी सुरू करताना.

चाचांना संध्याकाळच्या आत रोह्याला पोचायचं होतं. मी त्यांना जीपनं पेणच्या स्टँडवर सोडायला निघाले. स्टँडच्या बाहेर जीप लावली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिले. चाचांनी दार उघडलं नाही.

"बोल आता," ते म्हणाले.

"कोणाला?"

"बोल तू."

मी समोरच्या काचेकडे बघून बाबा म्हटलं. मग तो अंधार पडेपर्यंत न आल्याचा दिवस, पनवेलचा माणूस, ठिपका, सीट कव्हर, सगळं सांगायला लागले. रोह्याची गाडी लागली आणि सुटली. मग दुसरी लागली, तीही सुटली. चाचा जागचे हलले नाहीत.